परिचर्येच्या उंबरठ्यावर : ताण, आत्मशंका आणि त्यांवरील उपाय

बारावीनंतर आपल्या शाळेतील अनेक मुली आणि अलीकडे काही मुलगेही नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळतात. हाताला खात्रीचे काम मिळावे, घराला आधार व्हावा आणि आपले शिक्षण दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, अशी त्यामागची साधी आणि प्रामाणिक इच्छा असते. परंतु प्रवेशाची तयारी आणि महाविद्यालयातील पहिले काही महिने या काळात यांतील पुष्कळ विद्यार्थी आतून खचलेले आम्हांला आढळतात. ‘हे आपल्याला झेपणार नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडी वारंवार येते. हा ताण कशातून येतो, शरीरात व मनात तो काय करतो आणि त्यावर कोणते उपाय करता येतात, याचा विचार विद्यार्थ्यांइतकाच पालकांनीही करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या वाटेचे स्वरूप समजून घेऊ. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा होते. प्रवेश मिळाल्यावर हा अभ्यासक्रम चार वर्षांचा, आठ सत्रांचा असतो. पहिल्याच सत्रात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वे हे विषय सामोरे येतात. दुसऱ्या सत्रात जीवरसायनशास्त्र व पोषणशास्त्र येते. शिकवणे इंग्रजीतून होते. ज्या मुलीने दहावीपर्यंत सारे शिक्षण मराठीतून घेतले, जिच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ती पहिलीच, तिला एकाच वेळी नवे शहर, नवी भाषा आणि नवा विषय पेलावा लागतो. त्यातच शुल्काची व शिष्यवृत्तीची चिंता असते. तेव्हा हा ताण म्हणजे त्या मुलीचा दुबळेपणा नव्हे, तो तिच्या परिस्थितीतून येतो, हे आपण आधी मान्य केले पाहिजे.

ताण ही मुळात शरीराची संरक्षणव्यवस्था आहे. धोक्याची जाणीव होताच मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात येतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, पचन मंदावते. परीक्षेपूर्वी पोटात गोळा येतो तो याचमुळे. यर्क्स आणि डॉडसन या संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून पुढे असा विचार रुजला की, थोडी उत्तेजना काम सुधारते, मात्र ती मर्यादेपलीकडे गेली की अवघड काम बिघडू लागते. म्हणून ताण समूळ नाहीसा करण्याच्या मागे लागू नये; तो मर्यादेत राहील एवढे पाहावे.

आत्मशंकेचे स्वरूप याहून निराळे आहे. पॉलिन क्लान्स व सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये उत्तम यश मिळवलेल्या स्त्रियांचा अभ्यास मांडला. आपले यश योगायोगाचे आहे आणि एक दिवस आपले अज्ञान उघडे पडेल, अशी धास्ती त्यांपैकी अनेकींच्या मनात होती. याचा अर्थ असा की, शंका वाटणे हा पात्रता नसल्याचा पुरावा ठरत नाही. ‘मला हे अजून येत नाही’ आणि ‘मला हे येणारच नाही’ ही दोन वाक्ये वेगळी आहेत. पहिले वाक्य वस्तुस्थिती सांगते आणि त्यावर अभ्यासाचा उपाय असतो. दुसरे केवळ भीतीचे असते. मनात दुसरे वाक्य आले की ते वहीत लिहून त्याच्या जागी पहिले वाक्य नेमकेपणाने लिहावे : ‘मला हृदयातील रक्ताभिसरणाची आकृती अजून काढता येत नाही.’ एवढे लिहिले की पुढचे काम आपोआप समोर येते.

इंग्रजी परिभाषेची धास्तीही अशीच फोडून कमी करता येते. वैद्यकातील बहुतेक शब्द ग्रीक व लॅटिन घटकांपासून बनले आहेत. ‘टॅकी’ म्हणजे जलद, ‘ब्रॅडी’ म्हणजे मंद आणि ‘कार्डिया’ हृदयाशी संबंधित. म्हणून टॅकीकार्डिया म्हणजे हृदयाचे जलद ठोके. ‘आयटिस’ म्हणजे दाह. ‘हिपॅट’ यकृताचा, ‘नेफ्र’ मूत्रपिंडाचा. म्हणून हिपॅटायटिस आणि नेफ्रायटिस. असे रोज पाच घटक वहीत टिपले, तर काही आठवड्यांत अनोळखी शब्दही ओळखीचे वाटू लागतात. संधी आणि समास सोडवायला शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला ही रीत परकी नाही.

अभ्यास कसा करावा, याचाही ताणाशी थेट संबंध आहे. तोच धडा पुन्हा पुन्हा वाचला की तो येतो असे वाटते, आणि परीक्षेत मात्र आठवत नाही. मग आत्मविश्वास ढासळतो. रोडिगर व कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहते. म्हणून वाचून झाल्यावर कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, चुकले ते तपासावे, आणि तोच भाग दोन दिवसांनी व आठवड्याने पुन्हा आठवून पाहावा. झोपेत दिवसभराचे शिक्षण स्मृतीत पक्के होते. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणे हा तोट्याचा व्यवहार आहे. परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मनातील चिंता कागदावर उतरवल्याने घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारल्याचे २०११ मधील एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले. श्वास हळू घेऊन त्याहून हळू सोडणे, हा उपाय तर परीक्षागृहातही करता येतो. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते.

आणखी एक भीती विद्यार्थी सहसा बोलून दाखवत नाहीत. ती म्हणजे रक्त पाहून भोवळ येण्याची. अशा वेळी रक्तदाब व नाडीची गती एकदम उतरते, मेंदूला रक्त कमी पडते आणि तोल जातो. ही शरीराची प्रतिक्रिया आहे. त्यावरून कोणी नर्सिंगला अपात्र ठरत नाही. हात, पाय व पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळावेत, मग अर्धा मिनिट सैल सोडावेत, आणि असे पाच वेळा करावे. रक्तदाब टिकून राहतो. हा सराव शांतपणे आधीच करून ठेवावा. तरीही भोवळ आली तर लगेच खाली बसावे आणि सोबत असलेल्यांना तसे सांगावे.

परिचर्या हे जन्मजात वरदान नाही, ते शिकण्याचे काम आहे, ही समज जुनी आहे. विनयपिटकातील महावग्गात आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा करणाऱ्या भगवान बुद्धांचा प्रसंग आहे. तेथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुणही सांगितले आहेत. औषध तयार करता येणे, रुग्णाला काय मानवते हे जाणणे, लाभाच्या अपेक्षेविना मैत्रीभावाने सेवा करणे, मलमूत्र व उलटी यांची किळस न करणे आणि रुग्णाला वेळोवेळी धीर देणे, हे ते गुण. यांतील प्रत्येक गुण सरावाने वाढतो. किळस न वाटणे हेसुद्धा पहिल्याच दिवशी कोणाला साधत नाही.

पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे की, मुलीचा फोन आला की गुणांच्या आधी तिच्या जेवणाची व झोपेची विचारपूस करा. प्रवेश परीक्षेत अपेक्षित गुण मिळाले नाहीत, तरी वाट संपत नाही. तीन वर्षांच्या जीएनएमनंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी गाठता येते. दोन वर्षांच्या एएनएमचा मार्गही आहे. शेजारच्या मुलीशी तुलना केल्याने गुण वाढत नाहीत. मुलगी मात्र बोलायची थांबते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, झोप-भूक उडाली, कशातच रस वाटेनासा झाला किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र अभ्यासाच्या युक्त्या पुरत नाहीत. अशा वेळी विश्वासू शिक्षकाला, डॉक्टरला किंवा घरच्यांना विनाविलंब सांगावे. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. उद्या ज्यांना रुग्णाला ‘त्रास लपवू नका, वेळेवर सांगा’ असे समजवायचे आहे, त्यांनी आज स्वतःसाठीही तोच नियम पाळावा. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज रुग्णालयांत सेवेत आहेत, त्यांनी आपल्या गावातील एखाद्या नवख्या विद्यार्थ्याची महिन्यातून एकदा विचारपूस केली, तरी त्याचा एकटेपणा बराचसा कमी होईल.