सेल मारतो, पण गाडी स्टार्ट होत नाही

दिवाळीत रायपूरच्या समता कॉलनीतली आणि शेजारच्या चौबे कॉलनीतली कितीतरी मराठी घरं कुलूपबंद होतात. कुणी नागपूरला जातं, कुणी पुण्याला. रेल्वेने गेलेली मंडळी परततात तोवर गाडी आठ-पंधरा दिवस जागेवर उभी असते. किल्ली फिरवली की सेल मारतो, इंजिन फिरतं, पण स्टार्ट होत नाही. शेजारून सल्ला येतो, ‘बॅटरी बदला.’ हा सल्ला ऐकण्याआधी इंजिन ऐकावं, असा माझा आग्रह आहे. सेल जोमात मारत असेल तर बॅटरी, स्टार्टर आणि त्यांच्यामधल्या जाड वायरी आपलं काम करत आहेत. दोष पुढे कुठेतरी आहे.

सेल मंद असेल तर मात्र बॅटरीवर संशय घ्यावा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. सेल मारताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल, तर इंजिन कसंबसं फिरतं, पण त्याच्या कंप्यूटरला आणि ठिणगीला पुरेसा विद्युतदाब मिळत नाही.

प्रीमियर पद्मिनीच्या काळी निदान डोळ्यांना दिसायचं. प्लग काढून ठिणगी पाहायची, कार्बोरेटरशी पेट्रोलचा वास घ्यायचा. भर उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन पंप अडला, तर त्यावर ओलं फडकं टाकायचं. आता इंजेक्शनच्या गाडीत ठिणगी कधी द्यायची आणि पेट्रोल किती सोडायचं, हे कंप्यूटर ठरवतो. पण इंजिनाच्या गरजा बदललेल्या नाहीत: हवा, इंधन, दाब आणि वेळेवर ठिणगी.

म्हणून सेल मारण्याआधी किल्ली फक्त ‘ऑन’वर न्यावी आणि कान द्यावा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत टाकीतला पंप दोनेक सेकंद घूं करतो. आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहावेत. त्याच वेळी मीटरवर किल्लीच्या किंवा कुलपाच्या चिन्हाचा दिवा लुकलुकतोय का, तेही पाहावं. तो लुकलुकत राहिला तर गाडीने किल्ली ओळखलेली नसण्याची शक्यता मोठी. अशा वेळी कित्येक गाड्या सेल मारू देतात, पण इंधन किंवा ठिणगी अडवतात. दुसरी किल्ली लावून पाहायला पैसे पडत नाहीत.

माझ्या मते सर्वांत जास्त फसवतो तो क्रँकशाफ्ट सेन्सर. इंजिन फिरतंय आणि कोणत्या कोनात आहे, हे कंप्यूटरला तोच सांगतो. तो गप्प झाला की ठिणगी आणि इंजेक्शन दोन्ही थांबतात. गरम झाल्यावर बिघडणारा सेन्सर थंड झाला की पुन्हा चालू लागतो. दुपारी अडलेली गाडी संध्याकाळी सुरू होते आणि मालक विसरून जातो. बऱ्याच गाड्यांत सेल मारताना आरपीएमचा काटा किंचित हलतो. जिथे एरवी हलतो तिथे तो शून्यावर चिकटून राहिला, तर ती मोठी खूण आहे. स्कॅनर P0335 कोड दाखवेल. त्याचा अर्थ या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे इतकाच. सेन्सर बदलण्याआधी वायर तपासावी, कारण बंद गाडीत उंदीर याच दिवसांत वायरी कुरतडतात.

वारंवार प्रयत्न करून पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला, तर प्लग भिजलेले असू शकतात. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारला की इंधन बंद होतं आणि आतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर पडतं. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल मारू नये, मध्ये स्टार्टरला विसावा द्यावा.

डिझेलला ठिणगीच नाही. तिथे हवा धरलेली इंधनाची लाइन, पाणी साचलेला फिल्टर आणि थंडीच्या पहाटे ग्लो प्लग पाहावेत.

दोन प्रसंगी मात्र पुन्हा सेल मारू नये. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, एकसुरी गरगरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. अनेक इंजिनांत मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीलाही सेल मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी टो करूनच न्यावी, आणि एअर फिल्टर ओला आहे का, हे मेकॅनिकला पहिल्यांदा बघायला सांगावं.