बुंध्यापासून तोडू नका, वरून छाटा! – उत्तिस झाडाची ओळख



बांधावरच्या झाडाची पिकावर सावली पडते म्हणून आपण ते बुंध्यापासून तोडतो. एकदा सरपण मिळतं, मग विषय संपला. नागालँडमध्ये कोहिमाजवळ खोनोमा नावाचं गाव आहे. तिथले शेतकरी मात्र एकाच झाडापासून वर्षानुवर्षं सरपणही घेतात आणि खतही. हे झाड म्हणजे आल्डर. नेपाळीत त्याला उत्तिस म्हणतात.

कुठे वाढतं? हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत, साधारण ५०० ते ३००० मीटर उंचीवर. त्याला थंड हवा आणि ओल लागते. उंची ३० मीटरपर्यंत जाते. दरड कोसळून उघड्या पडलेल्या जमिनीवरही ते लवकर रुजतं.

खत कसं मिळतं? मुळांवरच्या गाठींमध्ये जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात. आपण युरियातून पिकाला देतो, तोच हा नत्र! पानं गळून कुजली की तो जमिनीत उतरतो. भुईमूग उपटल्यावर मुळांवर गाठी दिसतात ना, काम तेच. फक्त उत्तिसला शेंगा येत नाहीत आणि त्याचे जिवाणूही वेगळे असतात.

उपयोग काय? खोनोमात पेरणीआधी झाड माणसाच्या उंचीच्या थोडं वर छाटतात. फांद्या सरपणाला जातात, खोड जिवंत राहतं. पीक निघाल्यावर जमिनीला विश्रांती देतात, तोवर नवे फुटवे मोठे होतात. सिक्कीममध्ये याच झाडाच्या सावलीत मसाल्याची मोठी वेलची पिकवतात. लाकूड हलकं असल्याने खोकी, फळ्या करायलाही चालतं.

आपण काय करायचं? उत्तिस आपल्या उन्हाळ्यात टिकायचं नाही, त्यामुळे रोप मागवू नका. आपल्याकडे गिरिपुष्प आहे, काही भागात त्याला उंदीरमारी म्हणतात. त्याच्याही मुळांवर गाठी असतात. पावसाळ्याच्या तोंडाला जाड फांदी बांधावर रोवली तरी फुटते. कोवळा पाला भाताच्या चिखलणीत गाडा, वाळक्या काटक्या चुलीला वापरा. छाटताना बुंधा मात्र राखा.

पुढच्या बैठकीत एवढं ठरवूया: कुणाच्या बांधावर गिरिपुष्प आहे आणि कोण कुणाला फांद्या देणार? बियाण्याला पैसे लागत नाहीत, कर्जही नको!