भांडेवाली ज्याला हात लावत नाही

जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडेवालीच्या टोपलीपुढे घासाघीस करणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: लुगडं चालतं, पँट चालते, लेकराच्या झबल्याला मोल नाही. वीतभर कापडाचं ती तरी काय करणार? म्हणून नांदेड जिल्ह्यातल्या हदगावकडच्या घरांत लेकरांची कापडं घरीच राहत आली आणि शेवटी गोधडीत गेली.

मोठ्यांचं कापड विरल्यावर निकालात निघतं, लेकरांचं आखूड झाल्यावर. थोरल्याचं आंगडं धाकट्याला, त्याचं मावसभावाला, असं फिरूनही गुडघे-कोपरं तेवढी जातात, पाठ शाबूत राहते. शिवणारीचा हात आधी पाठीवरच जातो. बटणं डब्यात, नाडी वेगळी आणि शिवणी सगळ्या उसवलेल्या, कारण जाड शिवण राहिली की सुई अडते, वर निजणाऱ्याला टोचते. खाली-वर लुगडं, मधे या तुकड्यांची भर. धावदोरा काठाकडून आत फिरत येतो. टाके लांब पडले तर दोन धुण्यांत भर गोळा होते आणि गोधडी फुगे धरते. दसरा काढताना, घटस्थापनेआधी, घरातलं सगळं पांघरूण नदीवर जायचं. कयाधूच्या दगडावरचा तो मार सोसेल तीच गोधडी खरी.

उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांच्या ‘कवंदी’ या गोधडीत असेच तुकडे वरच्या बाजूला मिरवतात, चारी कोपऱ्यांना घडी घातलेलं कापडी फूलही लावतात. आपल्याकडे लेकरांचं कापड बहुधा पोटात गेलं. मला विचाराल तर, म्हणूनच या कामाला कुणी कला म्हटलं नाही.

अडचण आता कापडाची आहे. हा कापसाचा मुलूख. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं ‘एनएचएच-44’ हे वाण एके काळी गावोगाव पेरलं जाई. पण आज आठवडी बाजारातला लेकरांचा ड्रेस पॉलिस्टरचा किंवा होजियरीचा. पॉलिस्टर घाम पीत नाही, टाक्याखालून निसटतं. होजियरी सुईबरोबर ताणली जाते, धुतल्यावर गोधडीला झोळ येतो. पुण्या-मुंबईत बाळाच्या कपड्यांची ‘आठवणींची गोधडी’ करून देतात, तिथे होजियरीला मागून चिकटणारं अस्तर इस्त्रीने बसवतात, मग कापतात. युक्ती चांगली आहे. पण ती गोधडी पांघरण्यापेक्षा जपून ठेवायची वस्तू होते, आणि तिचा खर्च इथल्या घराला झेपणारा नाही.

गणवेशाचं मात्र वेगळं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मिळणाऱ्या मोफत गणवेशामुळे एकाच रंगाचं टेरिकॉट घरोघर साचतं. गोधडीला ते नकोसं, पिशवीला उत्तम. पँटचा एक पाय खालून शिवून बंद केला की कोथिंबीर-मिरच्यांची पिशवी होते. दुसऱ्या पायाच्या पट्ट्या काढून पिशवीचे बंद शिवायचे. जुना खिसा उसवू नये, तो बाहेरच्या बाजूला ठेवावा. बाजारात सुटे पैसे ठेवायला लागतो.