महादेवाची परडी, आजींची गच्ची

पहाटे 5

वैशाखात उज्जैनच्या राम घाटावर यावं तर याच वेळी. कालच्या उन्हानं तापलेल्या पायऱ्या अजून पुरत्या निवलेल्या नसतात, पण अनवाणी उभं राहता येतं. शिप्रेत बुडी मारून माणसं महाकालाच्या वाटेला लागतात आणि त्या वाटेवर फूलवाल्या परड्या मांडून बसतात. मी येतो तो या परड्यांसाठी. बेलाची पानं, रुईच्या माळा, धोतऱ्याची काटेरी बोंडं, कण्हेर, शमीची डहाळी. यातलं एकही झाड लाडावून वाढवलेलं नाही. सगळी बांधावरची नाहीतर माळावरची, कुणी पाणी घातलं नाही तरी जगणारी. भाजून काढणाऱ्या गावात थोड्या पैशांत बाग हवी असेल तर आधी शंकराची परडी बघावी, नर्सरीत नंतर जावं, असं माझं, लोकांच्या गच्चीवर बागा लावून देणाऱ्याचं, ठाम मत आहे.

नाशिकचा सिंहस्थ श्रावण-भाद्रपदात, भर पावसात येतो. आमचा येतो सूर्य मेषेत असताना, चैत्र-वैशाखाच्या उन्हात. 2016 चा तसाच झाला, 2028 चाही तसाच होणार. म्हणजे या गावाचा सगळ्यात मोठा सोहळाच झाडांना सगळ्यात वाईट दिवसांत. रस्त्याच्या दुभाजकांवर लोक कण्हेर आणि बोगनवेल उगाच लावत नाहीत.

ओळखीच्या माळीणबाई फुलांबरोबर कण्हेरीच्या फांद्याही भाऱ्यानं आणतात. फुलं काढून झाली की दांड्या माझ्या. "डंडी का क्या करोगे भैया, फूल ले जाओ," हे त्या रोज म्हणतात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब दांडी निवडायची, पेराच्या खाली तिरपा काप घ्यायचा, खालची पानं काढायची. बाटलीत पाण्यात ठेवली तरी काही आठवड्यांत मुळं धरते. हात मात्र लगेच धुवायचे, कारण कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी. रांगतं मूल असलेल्या घरात मी ती देत नाही.

सकाळी 6.30

घाटापासून थोडं पुढे, पडीक जागेत रुई माजलेली असते. तिचं झाड उपटून आणण्यात अर्थ नाही, सोटमूळ खोल जातं आणि ते तुटलं की झाड बसतं. या दिवसांत तिची बोंडं उकलतात. आत चपट्या तपकिरी बिया माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक रचलेल्या असतात आणि प्रत्येकीला पांढऱ्या रेशमाचा झुपका. बोंड पुरतं फुटण्याआधी मुठीत धरून झुपके ओढून काढायचे, नाहीतर निम्मं बियाणं वाऱ्यावर जातं. कागदाच्या पुडीत दोनचार बोंडं पुरतात.

सकाळी 8

नर्सरी. इथे माझी पहिली नजर फुलाकडे नसते, पिशवीतल्या मातीकडे असते. लाल चिकणमातीचा घट्ट गोळा दिसला की ओळखावं, रोप बहुधा आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं आलंय. राजमहेंद्रीजवळचं ते गाव म्हणजे देशभर रोपं पुरवणारं मोठं आगर. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी तिथं समुद्राजवळ पोचते, हवा दमट, रोपं टवटवीत. पण तीच रोपं माळव्याच्या कोरड्या लूमध्ये आली की आठवड्यात माना टाकतात. त्यात तो लाल गोळा एकदा कडक वाळला की पाणी आत शिरत नाही, कडेनं निघून जातं. माळी म्हणतो, "कुंडीत रोज पाणी घालतो साहेब." घालतो, पण मुळांना मिळत नाही.

म्हणून मी स्थानिक काळ्या मातीतलं, हिरव्या जाळीबाहेर उन्हात ठेवलेलं, दिसायला जरा रापलेलं रोप उचलतो. छोटंच घेतो. वीस-तीस रुपयांची सदाफुली पावसाळ्यात दोनशे रुपयांच्या झाडाला गाठते. बोगनवेल, देवचाफा, तगर, मोगरा, अडुळसा, कोरफड, ऑफिस टाइम एवढ्यात आमच्याकडची बहुतेक गच्ची भागते. बोगनवेलीला पाणी जरा तोडलं की रंग जास्त धरते. सदाफुली मूळची मादागास्करची, पण एकदा लावली की आपलंच बी टाकत गच्चीभर हिंडते. ती मरते ती उन्हानं नाही, मालकांच्या प्रेमानं, रोज दोन वेळा तांब्याभर पाण्यानं.

सकाळी 10

महाकालामागच्या गल्लीत एका मराठी आजींची गच्ची. या गावात आपली माणसं जुनी. महाकालाचं देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकरांनी आणि गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचं. आजींना मात्र त्या इतिहासापेक्षा पुण्याच्या बहिणीच्या गच्चीतला गुलाब महत्त्वाचा वाटतो.

माळव्याची काळी माती शेतात सोनं, कुंडीत त्रास. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पाणी धरून बसते. मी निम्मी काळी माती घेतो, उरलेल्यात वाळू आणि जुनं शेणखत. कुंडी मातीचीच, प्लॅस्टिकची या उन्हात मुळं शिजवते. कुंभाराकडून काठ फुटलेला लहान माठ स्वस्तात मिळतो. तो मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरायचा, पाणी भरून वर झाकण ठेवायचं. माठ पाझरतो आणि मुळं त्याला जाऊन बिलगतात. आजी चार दिवस इंदूरला गेल्या तरी मोगरा उभा.

दुपारी 12 ते 4

काही करायचं नाही. पारा चाळिसाच्या वर गेला की झाडं पानांची छिद्रं मिटून घेतात, माना टाकतात आणि लोक घाबरून भर दुपारी पाणी ओततात. बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहावं. ओल लागली तर झाड तहानलेलं नाही, सूर्य कलला की आपोआप सावरेल. हे मी इतक्या घरांत सांगितलंय की आता बिलात लिहावं म्हणतो.

संध्याकाळी 5.30

कण्हेरीच्या दांड्या लिंबाच्या सावलीत पिशव्यांत लावल्या. चाफ्याच्या फांद्यांना हात लावला नाही, त्यांचा चीक सुकायला आणखी काही दिवस हवेत. ओल्या लावल्या तर कुजतात. बेलफळ फोडून सरबत करून झालं की बिया बुळबुळीत गरातून धुऊन लगेच पेरायच्या, त्या ठेवून टिकत नाहीत. जमिनीत कायमचं काही लावायचं ते जूनच्या मध्यानंतर, पाऊस माळव्यात पोचल्यावर. वैशाखात खरेदी होते ती फक्त परीक्षा घ्यायला. या महिन्यात जे उघड्यावर तगलं, तेच पुढे खड्ड्यात जातं.

रात्री 8

घाटावरची आरती आटोपून घरी पोचतो तोच आजींचा फोन.

"अरे, गुलाबाचं काय ठरलं?"

"एकच लावू आजी. गावठी, पूर्वेच्या कोपऱ्यात. दुपारी तिथं शेजारच्या भिंतीची सावली येते."

"दोन."

"एक. आणि खाली कुंपणाशी रुई पेरतो."

"रुई? दारात रुई कोण लावतं रे?"

"शनिवारी मारुतीला माळ घालता ना, आजी? विकतच आणता."

थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं, पेर. पण मग गुलाब दोन."