कालबाह्य मार्गदर्शिका

माढा तालुक्यातील एका वाचनालयाची, बाद करावयाच्या पुस्तकांची यादी मध्यंतरी माझ्या हाती आली. अशी यादी करण्यात गैर काही नाही. कपाटे मोजकी, जागा त्याहून मोजकी. तेव्हा नव्या पुस्तकांसाठी जुन्यांना कोठे तरी वाट करून द्यावीच लागते. फाटलेली, वाळवीने पोखरलेली, अभ्यासक्रम बदलल्यामुळे निरुपयोगी झालेली पुस्तके यादीत होती. परंतु अखेरच्या पानावर ‘प्रवासविषयक, कालबाह्य’ या मथळ्याखाली सतरा-अठरा पुस्तके एकत्र कोंबलेली दिसली आणि मी थबकलो. रेल्वेची दोन वेळापत्रके, तीर्थयात्रांच्या चार-पाच मार्गदर्शिका, पर्यटन खात्याच्या पुस्तिका, दक्षिण भारताच्या सहलीविषयीचे एक छोटेखानी पुस्तक आणि कोणा निवृत्त अधिकाऱ्याने देणगी दिलेले मरेचे जाडजूड इंग्रजी ‘हँडबुक’. शिक्का पडला की ही सारी पुस्तके रद्दीवाल्याच्या तराजूत जाणार.

ग्रंथपालाला मी दोष देत नाही. मार्गदर्शिका हे पुस्तक छापून होताच कालबाह्य होऊ लागते. भाडे वाढते, धर्मशाळेचा व्यवस्थापक बदलतो, गाडीची वेळ पुढे-मागे होते. कादंबरी शिळी झाली तरी कोणाची गाडी चुकत नाही. मार्गदर्शिका शिळी झाली की वाचक रात्री अकरा वाजता परक्या गावच्या फलाटावर उभा राहतो. पण हेच पुस्तक आणखी पन्नास वर्षे टिकले, तर ते मार्ग दाखविणारे न उरता साक्ष देणारे होते. त्या काळी सामान्य माणूस कोठे उतरत होता, काय खात होता, किती पैशांत किती लांब जात होता आणि कोणाला कोठे प्रवेश नव्हता, हे इतिहासाच्या ग्रंथांत सहसा सापडत नाही. ते सापडते अशा बाद ठरलेल्या पुस्तकांत.

लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने हिंदुस्थानविषयीचे आपले पहिले हँडबुक 1859 साली काढले. त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यात लोहमार्ग येऊन पोहोचत होता. पुण्याकडून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे 1860 मध्ये सोलापुरास आली. हा योगायोग असेल, पण अर्थपूर्ण आहे. मरेची पुस्तके साहेबासाठी होती आणि डाकबंगला, खानसामा व ओळखपत्रे यांच्या आधाराने फिरणारा प्रवासी त्यांना अभिप्रेत होता. आपल्या लोकांची मार्गदर्शिका तेव्हा तोंडी होती. काशी-गयेच्या पंड्यांच्या वह्या ही तर उलटी मार्गदर्शिकाच म्हणावी लागेल. तिच्यात गावाची माहिती प्रवाशासाठी लिहिलेली नसते. प्रवाशाचीच माहिती गावासाठी लिहिलेली असते.

पुस्तकावाचून निघालेल्या या प्रवाशांतला आपल्या भाषेतला अग्रणी म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. कर्जबाजारी घराला दक्षिणेचा आधार व्हावा म्हणून 1857 साली ते उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धुमश्चक्रीत सापडले. झांशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला, मिळविलेले द्रव्य लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. चिंतामण विनायक वैद्यांनी 1907 साली छापलेला ‘माझा प्रवास’ आपण बंडाची हकीकत म्हणून वाचतो. तो पायी, भिक्षुकीवर केलेल्या स्वस्त प्रवासाचा दस्तऐवजही आहे, हे मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

पुढे मराठीत प्रवासवर्णने पुष्कळ झाली आणि उत्तम झाली. मार्गदर्शिका मात्र दोनच जातींच्या राहिल्या: तीर्थक्षेत्रांच्या आणि, बऱ्याच उशिरा, किल्ल्यांच्या. प्रवासवर्णनात लेखक भेटतो. वाचकाने कोठे झोपावे हे त्याला सांगायचे नसते. तुटपुंज्या पगाराच्या शिक्षकाला उन्हाळ्याच्या सुटीत बायकामुलांसह कोठे, कसे आणि किती खर्चात जाता येईल, हे निर्मळपणे सांगणारे पुस्तक माझ्या तरुणपणी शोधूनही मिळत नसे. म्हणून जे मिळे ते आम्ही जपत असू.

माढेकराला या बाबतीत एक भाग्य लाभले होते. मुंबई-मद्रास लोहमार्गावरचे स्थानक गावाला आहे, आणि तालुक्यातच कुर्डुवाडी जंक्शन आहे. त्याचे पूर्वीचे नाव बार्शी रोड. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे 1897 साली येथूनच बार्शीकडे धावू लागली. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. एका आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू द्यायचा नाही, हा कॅल्थ्रॉपचा हिशेब. त्यामुळे हलके रूळ चालले, खर्च उतरला आणि तरीही डबे प्रशस्त करता आले. हा मार्ग 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचला. 1954 साली सरकारने तो ताब्यात घेतला. सव्वातीनशे किलोमीटरांचा हा चिमुकला संसार बार्शीच्या कापसावर आणि पंढरीच्या वारकऱ्यावर चालला. आषाढी-कार्तिकीला डबे अपुरे पडत. छपरावर माणसे बसत. गाडीचा वेग इतका बेताचा की लोक तिची थट्टा करीत, पण तिकिटाचा दर त्या थट्टेइतकाच हलका असे. सावता माळ्याचे अरण याच तालुक्यातले. तेथील भाविकाला पंढरी पायी जवळच. परंतु लातूरकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विठोबा दाखविला तो या गाडीने.

नव्या शतकाच्या पहिल्या दशकात आणि त्यानंतर लवकरच हे मार्ग रुंद झाले. ते योग्यच झाले. अडीच फुटी रुळांवर लातूरचा विकास अडकून पडावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या गाडीच्या वेळा, ती कोणत्या खेड्यांत थांबत असे, कोठे तिची मुख्य मार्गाशी गाठ पडे, हे आज पाहायचे तर कोठे पाहावे? बाद यादीतल्या त्या दोन वेळापत्रकांतल्या एकात!

आमच्या पिढीच्या एका सहलीची हकीकत येथे सांगतो. आम्ही तिघे शिक्षक 1979 च्या उन्हाळ्यात चक्री प्रवासाचे तिकीट काढून दक्षिणेत निघालो. रेल्वेचा तिसरा वर्ग 1974 साली नावापुरता संपला होता. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्या मात्र पाठीला तिसऱ्या वर्गाची आठवण देत. त्या फळ्यांवर दोन इंच जाडीचा मऊ थर बसविण्याचा निर्णय रेल्वेमंत्री मधू दंडवते यांनी घेतला होता. आमच्या नशिबी मात्र बहुतेक ठिकाणी जुन्या फळ्याच आल्या. (अर्थसंकल्पावरील भाषणे लोक विसरतात, पाठीला मिळालेला आराम विसरत नाहीत. दंडवत्यांचे नाव रेल्वेत आजही आदराने घेतले जाते, त्याचे एक कारण हे असावे.) होटगीहून गदगकडे जाणारी मीटरगेज गाडी, तेथून होस्पेट, हंपी, पुढे म्हैसूर, रामेश्वर आणि मद्रासहून परत. बरोबर धपाटी, शेंगांची चटणी, आणि ते छोटेखानी सहलीचे पुस्तक.

एका गावी पुस्तकात ‘तीन दिवस विनामूल्य’ असे छापलेल्या धर्मशाळेत आम्ही रात्री पोहोचलो, तर तेथे कापडाचे गोदाम झालेले. रखवालदाराला आमची भाषा येईना, आम्हाला त्याची. अखेर मित्राने पुस्तकाचे ते पान उघडून त्याच्या कंदिलापुढे धरले. छापलेली अक्षरे त्याला वाचता येत नव्हती. पण आपल्या मालकाच्या वास्तूचे चित्र त्याने ओळखले, खुदकन हसला आणि ओट्यावर सतरंजी पसरून दिली. चुकलेल्या माहितीनेही आमची झोपायची सोय केली, ती अशी.

याच वर्षांत जगातला सर्वांत प्रसिद्ध स्वस्त खुष्कीचा मार्ग बंद होत होता. लंडनहून इस्तंबूल, तेहरान, काबूल, पेशावर, लाहोर करीत दिल्लीला येणाऱ्या तरुणांचे लोंढे साठ-सत्तरच्या दशकांत याच मार्गाने येत. टोनी आणि मोरीन व्हीलर हे दांपत्य 1972 साली एका जुन्या मोटारीने निघाले, काबूलला मोटार विकली आणि पुढे मिळेल त्या वाहनाने ऑस्ट्रेलियाला पोहोचले. लोक वाटखर्च विचारू लागले, तेव्हा 1973 मध्ये त्यांनी एक चोपडीवजा पुस्तक घरीच जुळवून प्रसिद्ध केले. लोन्ली प्लॅनेट या प्रचंड प्रकाशनसंस्थेचा उगम त्या चोपडीत आहे. भारतावरचे तिचे पुस्तक 1981 साली आले. तोवर 1979 मधील इराणची क्रांती आणि त्याच वर्षाअखेर अफगाणिस्तानात घुसलेल्या सोव्हिएत फौजा यांनी तो रस्ता तोडला होता. ज्या रस्त्याची ती मार्गदर्शिका, तो रस्ताच उरला नाही. आज तिच्या जुन्या प्रती संग्राहक शोधत फिरतात. आमची बाद यादी करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानी घ्यावे.

हा रस्ता पाश्चात्त्यांनी शोधला असे समजण्याचे मात्र कारण नाही. 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर निघाले आणि इराण, इराकमार्गे युरोपात पोहोचले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून 1928 साली परतले. त्यांना कोणती मार्गदर्शिका होती?

गतकाळाच्या प्रवासाचे गोडवे गाताना मात्र हात आखडता घ्यावा लागतो. ती स्वस्ताई सर्वांसाठी नव्हती. 1901 साली वडिलांना भेटावयास निघालेली आंबेडकर भावंडे मसूर स्थानकावर उतरली, तेव्हा त्यांची जात कळताच गाडीवान त्यांना न्यायला तयार होईनात. दुप्पट भाडे आणि गाडी स्वतः हाकण्याची अट यांवर प्रवास झाला. पुढे 1934 साली, बॅरिस्टर होऊन आलेल्या बाबासाहेबांना सहकाऱ्यांसह दौलताबादच्या किल्ल्यावर पाण्याला शिवल्यावरून अडविण्यात आले. मरेच्या पुस्तकात दौलताबादचा तट आहे, खंदक आहे. हे पाणी नाही. मराठी मार्गदर्शिका मात्र नकळत अधिक प्रामाणिक असत. अमुक धर्मशाळा अमुक ज्ञातीसाठी, असे त्या सरळ छापून मोकळ्या होत. कोणत्या गावाचा दरवाजा कोणत्या साली कोणाला बंद होता, याचा त्याहून निःसंदिग्ध पुरावा दुसरा कोणता हवा? एकट्या बाईने कोठे उतरावे, याविषयी त्या जवळजवळ मूक आहेत, आणि ते मौनही पुरावाच आहे.

आज माहितीला तोटा नाही. खिशातल्या दूरध्वनीवर खोली, वाहन, हवामान सारे दिसते. तथापि तेथे स्वस्त म्हणून जे दिसते ते पैसे देणाऱ्या व्यवसायाचे असते. फुकटाचा ओटा तेथे नोंदविलेला नसतो. सवलतींचीही तीच गत. एस.टी.ची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासाची योजना 1988 पासून आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून मोफत आणि महिलांना 2023 पासून अर्ध्या तिकिटात प्रवास मिळाला. राज्य शासनाच्या नोकरवर्गाला महाराष्ट्र दर्शनाची रजा-प्रवास सवलत आहे. उलट, 2020 च्या साथीनंतर पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेसचे भाडे लागले, किमान तिकीट दहाचे तीस रुपये झाले, आणि ते खाली यायला 2024 उजाडले. या चार वर्षांत रोजच्या प्रवाशाने काय सोसले, याची नोंद कोणत्या पुस्तकात झाली? पूर्वीच्या वेळापत्रकात ती आपोआप होत असे, कारण दरवर्षी नवे छापले जाई आणि जुने कोणीतरी ठेवून देई. पडद्यावरचे भाडे बदलले की जुने भाडे पुसले जाते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 सालचा. त्याने गावोगावी वाचनालये उभी राहिली, ही राज्याला भूषणावह गोष्ट आहे. प्रत्येक तालुक्याच्या एका तरी ग्रंथालयाने प्रवासविषयक जुनी पुस्तके, वेळापत्रके, यात्रांची पत्रके यांसाठी एक कपाट राखावे, एवढीच माझी सूचना आहे. ज्यांना जागाच नाही त्यांनी ती जिल्ह्याच्या ग्रंथालयाकडे वा सोलापूर विद्यापीठाकडे पाठवावीत. रद्दीचा भाव पाहता संस्थेचे यात फारसे नुकसान नाही. शाळांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावची मार्गदर्शिका लिहवून घ्यावी: माढ्याची गढी आणि माढेश्वरीचे देऊळ त्यात यावेच, पण स्थानकापासून गावात यायला आज काय पडते, पाणी कोठे मिळते, रात्री कोठे टेकता येते हेही यावे. निबंधाच्या ठरीव विषयांपेक्षा मुलांना ते अधिक रुचेल, असे मला वाटते.

वाचनालयाच्या समितीची बैठक पुढील महिन्यात आहे आणि यादीवर अद्याप सह्या झालेल्या नाहीत. मी ती पुस्तके पाहावयास गेलो होतो. त्या वेळापत्रकाच्या मलपृष्ठाच्या आत कोणी तरी पेन्सिलीने हिशेब मांडला आहे: दोन पूर्ण तिकिटे, तीन अर्धी, हमाल, चहा, बुक्का, चुरमुरे. बेरीज चुकली आहे. ती खोडून पुन्हा केली आहे, आणि पुन्हा चुकली आहे.