कृपा आधी, नीतिमत्त्व मागाहून

मराठी बायबलमध्ये ‘नीतिमत्त्व’ हा शब्द वाचला की सद्वर्तनी माणूस डोळ्यांपुढे येतो. रोमकरांस पत्र लिहिताना पौलाच्या डोळ्यांपुढे मात्र न्यायासन आहे आणि आरोपीला निर्दोष ठरवणारा देव. हा निवाडा पुण्याई साठवून मिळत नाही. चौथ्या अध्यायात पौल मजुरीचा दाखला देतो : कामाचा मोबदला हे देणे असते, कृपा ही देणगी असते.

हे उमगणे सोपे नसते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त गवसला नव्हता, असे त्यांनीच पुढे लिहिले. कृपेचा उलगडा व्हायला आणखी काही वर्षे गेली. ही कबुली मला फार मोलाची वाटते, कारण देवळातली हजेरी आणि उपास यांचा हिशोब आपणही मांडतच असतो. कृपा उमगल्यावर रमाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या शेकडो मुली-विधवांना त्यांनी आसरा दिला. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच वाढले. तारण कमावण्यासाठी ही धडपड नव्हती, ती कृतज्ञता होती.

रोमकरांस पत्राचे तिसरे आणि चौथे अध्याय एकदा सलग वाचा.