पेटी जेव्हा एकटीच गाते

मुलांनो, शाळेच्या प्रार्थनेला पेटी वाजते ना? पण ऐकतात सगळे काय? तर आपलं गाणं! पेटीकडे कुणाचं लक्षही नसतं. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात गाण्याची मैफल असली, तरी गायक मधोमध आणि पेटीवाले कडेला. आता समजा, पडदा वर गेला आणि मधोमध नुसती पेटीच दिसली तर? गायक नाही, शब्द नाहीत. रंगेल का हो अशी मैफल?

पियानोच्या बाबतीत हा प्रश्न कधीच सुटला. फ्रान्झ लिस्ट हा हंगेरीचा जबरदस्त पियानोवादक. १८४० साली लंडनला त्याने एकट्याच्या वादनाचा कार्यक्रम केला आणि त्याला नाव दिलं 'रिसायटल'. म्हणजे म्हणून दाखवणं. लोक बुचकळ्यात पडले. पियानोवर काय म्हणून दाखवणार? पण लिस्टने दाखवलं, आणि तो शब्द जगभर रूढ झाला.

पेटीला असा मान मिळवून देणाऱ्यांत मोठं नाव गोविंदराव टेंबे यांचं. त्यांचा जन्म १८८१ सालचा, कोल्हापूरकडचा. पेटी ते बरीचशी स्वतःच्याच कानाने शिकले. पुढे थोर गायक भास्करबुवा बखले यांचा सहवास मिळाला. बुवांना साथ करता करता त्यांची गायकीच गोविंदरावांच्या बोटांत उतरली. मग ते एकटे पेटी घेऊन बसू लागले, आणि ऐकणाऱ्यांना वाटायचं, गाणंच चाललंय!

हे दिसतं तितकं सोपं नाही बरं का. पियानोत पट्टी दाबली की आतला छोटा हातोडा तारेवर आपटतो आणि सूर हळूहळू विरत जातो. पेटीत तारा नसतात. पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांनाच 'सूर' म्हणतात. भात्याची हवा त्यांतून गेली की त्या थरथरतात. हवा आहे तोवर सूर टिकतो. तुमच्यापैकी कुणाचे आई-बाबा भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यात असतील, तर त्यांना विचारा, हवेचा दाब सारखा ठेवणं किती महत्त्वाचं असतं ते. पेटीवाल्याला तेच काम डाव्या हाताने करावं लागतं, आणि उजव्या हाताची बोटं तेव्हा पट्ट्यांवर धावत असतात.

पण खरी अडचण पुढेच आहे. आपला गायक एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. त्याला मींड म्हणतात. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नसतं, मग घसरणार कुठून? शिवाय पियानोप्रमाणेच पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. त्यामुळे पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. जाणकारांच्या कानाला तो खुपतो.

या कारणांवरून मोठमोठी माणसं पेटीवर रागावली होती. रवींद्रनाथ टागोरांनाही ती आवडत नसे. मार्च १९४० मध्ये तर आकाशवाणीने पेटीला बंदीच केली! ज्या वाद्यावर घराघरांतली पोरं सा रे ग म शिकत होती, तेच रेडिओवर चालेना. गोविंदराव तेव्हा साठीला आले होते. 'मानापमान' नाटकाला १९११ साली त्यांनी चाली दिल्या होत्या. १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात ते हरिश्चंद्र झाले होते, आणि संगीतही त्यांचंच होतं. एवढा नावाजलेला माणूस, पण त्याच्या लाडक्या वाद्याला रेडिओचं दार बंद! १९५५ साली ते वारले, तेव्हाही बंदी होतीच. ती सैल झाली १९७१ मध्ये, तीही आधी निवडक कलाकारांच्या साथीपुरतीच.

पण पेटीवाल्यांनी पेटी सोडली नाही. मींड नाही ना? मग त्यांनी कणस्वर घेतले, म्हणजे शेजारच्या सुराला ओझरता स्पर्श करून मुख्य सुरावर यायचं. भाता असा हलका चालवायचा, की दोन सुरांमधला सांधा कळूच नये. गोव्यातल्या बोरी गावचे तुळशीदास बोरकर पी. मधुकर यांच्याकडे शिकले, आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. डॉ. विद्याधर ओक यांनी तर बावीस श्रुती वाजतील अशी पेटीच तयार केली. म्हणजे तक्रार खोटी नव्हती. पण तक्रार आहे म्हणून वाद्य फेकायचं, की त्यावर उपाय शोधायचा? पेटीवाल्यांनी उपाय शोधला.

आता एक गंमत करून पाहा. घरी किंवा शाळेत पेटी असेल, तर मोठ्यांना विचारून एकच पट्टी दाबा. भाता आधी हळू, मग जोरात, मग पुन्हा हळू हलवा. सूर तोच, पण कधी कुजबुजतो, कधी हाक मारतो. मग तीच पट्टी इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर दाबून बघा. फरक कळला?

आणि पालकांनो, पुढच्या वेळी मुलांना गाण्याच्या मैफलीला नेलंत, तर जागा जरा पेटीच्या बाजूची घ्या. गायक श्वास घ्यायला थांबला, की त्या क्षणी कडेला बसलेला माणूस काय करतो, ते मुलांना नीट बघू द्या.